कुंभकोणमला निवांत: जोडीने फिरलेल्यांचे अनुभव

तमिळनाडूची देवळं म्हटली की आपल्याकडच्या सहली सकाळी इडली खाऊ घालतात आणि रात्रीपर्यंत चार गावं उरकतात. आम्ही दोघांनी कुंभकोणमलाच मुक्काम टाकला आणि रोज एकच देऊळ, फार तर दीड, असं ठरवलं. टॅक्सीवाला एका दिवसात नऊच्या नऊ नवग्रह मंदिरं दाखवायला निघाला होता, त्याला हात जोडले. दुपारी बहुतेक देवळं बंद होतात ती चारच्या सुमारास उघडतात. घाईतल्या माणसाची त्याने चिडचिड होते. आम्ही केळीच्या पानावर जेवून चक्क ताणून द्यायचो.

दारासुरम रिक्षाने जवळच. तिथलं ऐरावतेश्वराचं देऊळ दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलं. तंजावूरच्या मानाने लहान, पण इथे मान वर करण्यापेक्षा खाली वाकावं लागतं. गाभाऱ्याच्या बाहेरून, जोत्याच्या पट्टीत, शैव संतांच्या गोष्टी कोरल्यात. नवरा उकिडवा बसून एकेक बघत पुढे सरकत होता. एका ठिकाणी हत्ती आणि बैल यांना मिळून एकच डोकं आहे. हत्तीचं धड हाताने झाकलं की बैल, बैलाचं झाकलं की हत्ती. तिथून आम्हाला हलवायला रखवालदारच यावा लागला.

तुम्हीही त्या भागात जोडीने रमतगमत फिरला असाल तर लिहा. हॉटेलांचे दर नकोत.

—

आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास. हिचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे निवांतपणा आपोआपच आला. अनवाणी तापलेल्या दगडावर चालायचंय, जाड मोजे घेऊन जा. सारंगपाणीच्या देवळासमोरच्याच रस्त्यावर रामानुजन यांचं कौलारू घर आहे. मी गणिताचा मास्तर, माझा पाय निघेना. ही तोवर बाहेर बसून एका तमिळ आजींशी गप्पा मारत होती. भाषा दोघींनाही येत नव्हती, पण सुनांचा विषय निघाला होता एवढं मला कळलं!

—

डिग्री कॉफी, म्हणजे तिकडची फिल्टर कॉफी. पितळी डबऱ्यातली. आमचे हे कट्टर चहावाले, पण तिकडे चहाचं नाव काढलं नाही. घरी आल्यावर पुन्हा चहाच.

—

कुंभकोणमहून पॅसेंजरने तंजावूरला गेलो. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला. बायको मोठ्याने वाचायला लागली. जुनी मराठी, मध्येच अडखळायची, मग मी पुढचा शब्द लावायचा. व्यंकोजीराजांपर्यंत पोचेस्तोवर आमच्यामागे पुण्याचं एक कुटुंब उभं राहून ऐकत होतं. शिखर बघायचं राहिलं ते संध्याकाळी पाहिलं.

—

खरं सांगू? ह्यांना देवळांचा लवकरच कंटाळा आला. मग स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती करणाऱ्यांकडे गेलो, तिथे मात्र तासन्‌तास रमले. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती, मग भाजून मेण वितळवून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडूनच मूर्ती निघते, त्यामुळे एका साच्यातून एकच. किंमत ऐकून आम्ही नुसताच नमस्कार केला. नाचियारकोविलची पितळी समई मात्र घेतली. तिचे भाग फिरवून सुटे होतात, बॅगेत नीट बसतात. कपड्यांत गुंडाळा, नाहीतर पोचे येतात.