देवबागच्या खाडीत कायाक न्यायचीय, स्पीडबोटींपासून कसं सांभाळायचं?

पुणेकर_वल्हं:
नमस्कार मंडळी, डिसेंबरात तारकर्लीला जातोय, बहिणीची बारा वर्षांची मुलगीपण सोबत आहे. स्वतःच्या कायाक आहेत, कर्लीच्या खाडीत वल्हवायचा बेत आहे. मागच्या खेपेला त्सुनामी आयलंडच्या बाजूला एक स्पीडबोट इतक्या जवळून सुसाट गेली की लाटेने कायाक उलटायचीच बाकी राहिली, आणि चालवणाऱ्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. आपण बिनइंजिनाचे म्हणजे त्यांनीच बाजूला व्हायचं ना? की आपणच काठ धरून राहायचं?

खाडीवाला:
ताई, त्याला बहुतेक तुम्ही दिसलाच नसाल. मी बोट चालवतो म्हणून सांगतो, थ्रॉटल दिला की बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलते आणि समोरचं पाणी काही वेळ दिसतच नाही, बोट वेग पकडून सपाट झाली की मग दिसायला लागतं. त्यामुळे जेट्टीवरून बोटी सुटतात त्या जागेच्या पुढून चुकूनही जाऊ नका. कायाकमध्ये बसलेल्याचं डोकं पाण्यापासून तीनेक फूट वर, त्यात कायाक हिरवी आणि मागे कांदळवन, मग काय दिसणार. भगवं नाहीतर पिवळं जॅकेट घाला आणि वल्ह्याच्या पात्यांना भडक रंगाची टेप लावा, हलणारं पातं लांबूनसुद्धा पटकन नजरेत भरतं. शिट्टी ठेवाच, पण ती एकमेकींसाठी, इंजिनच्या आवाजात आम्हाला काहीएक ऐकू येत नाही. आमच्यासाठी वल्हं उभं धरून हलवा. आणि हो, नजर ठेवणं आणि वेग आवरणं हे बोटवाल्याचंच काम आहे, ते मी आमच्या पोरांनाही सांगत असतो.

भरतीओहोटी:
हक्काचं विचारलंत म्हणून सांगते, समुद्रात टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक बोटीने सतत नजर ठेवायची आणि सुरक्षित वेगानेच जायचं असं स्पष्ट आहे, पण अरुंद मार्गात लहान होडीने मोठ्या जहाजाची वाट अडवू नये हेही त्यातच आहे. तेव्हा आपण बिनइंजिनाचे म्हणून सगळे थांबतील असं धरून चालू नका. मी हिशोब असा करते: स्पीडबोट ताशी 36 किमीने म्हणजे सेकंदाला 10 मीटर, आणि आपण आरामात वल्हवलं तर सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास. बोटींची वाट 100 मीटर रुंद धरली तर आपल्याला ओलांडायला 80 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती बोट 800 मीटर येते! म्हणून जिथे दोन्ही बाजूंचं एवढं पाणी दिसतं तिथेच ओलांडायचं, वळणावर अजिबात नाही. सगळ्यांनी जवळजवळ राहून सरळ काटकोनात जायचं, मध्ये फोटोसाठी थांबायचं नाही. पलीकडचा चुकवेल या भरवशावर राहूच नका, 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर भरदिवसा नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून आदळली आणि किती माणसं गेली, आपली कायाक तर त्यापुढे कुठेच नाही.

मालवणी_माणूस:
जेटस्कीचं वेगळं सांगतो, ते जास्त महत्त्वाचं आहे. ती पाण्याच्या झोतावर वळते, त्यामुळे घाबरून थ्रॉटल सोडला की बहुतेक जेटस्कींचं हँडल फिरवून काही उपयोग नसतो, ती तशीच सरळ घसरत येते. पहिल्यांदा बसलेल्या पर्यटकाला हे ठाऊकच नसतं!! वॉटरस्पोर्ट्सच्या पट्ट्यातून लांबच राहा. लाट आली तर पळायला बघू नका, कायाकचं तोंड लाटेकडे जरा तिरकं करा आणि वल्हवत राहा, वल्हं वर उचलून धरलं की तोल जातो. उलटलात तर पोहत काठाकडे निघू नका, कायाकला धरून राहा, नुसतं डोकं कोणत्याच बोटवाल्याला दिसत नाही.

पुणेकर_वल्हं:
सगळ्यांचे मनापासून आभार, 800 मीटरचा हिशोब कधी डोक्यातच आला नव्हता. भाचीला वेगळी कायाक द्यावी का? तिला छान वल्हवता येतं.

भरतीओहोटी:
या खाडीत नको, डबल कायाकमध्ये पुढे बसवा. वल्हवता येत असलं तरी बोट अंगावर येताना बघून मूल हात थांबवतं, तेव्हा मागे मोठं माणूस हवंच. सकाळी लवकर उतरा, पर्यटकांच्या बोटी सुरू व्हायच्या आत परत या, आणि फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून जॅकेटला बांधा, त्यात कोस्ट गार्डचा 1554 सेव्ह करून.