फोटो नेहमी मध्यावस्थेतलेच का?

पेशीविभाजनाचे टप्पे चार, पण गुणसूत्रांचे फोटो मध्यावस्थेतलेच (गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात तो टप्पा) का असतात, हा प्रश्न उरतोच. तेव्हा ती सर्वांत आखूड-जाड असतात, हे आहेच. शिवाय फोटोसाठी संशोधक पेशींना मुद्दाम तिथे अडवतात! त्यासाठी वापरलं जाणारं कोल्चिसीन हे रसायन ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, मग त्यापासून होणारे, गुणसूत्रांना ओढणारे धागेच बनत नाहीत. सगळी गुणसूत्रं धाग्यांना नीट जोडली गेल्याशिवाय पेशीतली तपासणी पुढे सोडत नाही, म्हणून पेशी खोळंबते. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीतही हेच कोल्चिसीन असतं (कंद जहाल विषारी, घरी प्रयोग नकोत). १९५६ साली स्वीडनमध्ये चिओ आणि लेवान या शास्त्रज्ञांनी हीच युक्ती वापरून माणसाची गुणसूत्रं ४६ मोजली. तोवर पुस्तकांत बिनदिक्कत ४८ छापत.