मदत हवी: एपीआरएसचं बीकन जातंय, पण नकाशावर मी नाहीच

चक्रम_वाहक
हॅम रेडिओवरचं एपीआरएस (आपली जागा, निरोप छोट्या डेटा-पॅकेटांतून रेडिओवर पाठवायची पद्धत) चालू केलंय. बीकन (जागा सांगणारं पॅकेट) जातंय, हँडीचा (हातातल्या रेडिओचा) लाल दिवा लागतो, पण इंटरनेटवरच्या नकाशावर कॉलसाइन (माझं परवान्याचं रेडिओ-नाव) टाकला की काहीच सापडत नाही. सगळी सेटिंग्ज बरोबर आहेत. शनिवारी सायकल रॅलीत ट्रॅकिंग करायचंय, लवकर सांगा.

अर्धी_लहर
पाठवताय कशातून? टीएनसी (रेडिओला जोडायचा मोडेम), तयार ट्रॅकर की मोबाइल? फ्रिक्वेन्सी? पाथ (पॅकेट पुढे किती टप्पे पाठवायचं ती सूचना)? "सगळं बरोबर" यावरून काय कळणार, आम्ही ज्योतिषी नाही.

जुनाखोड
पासकोड चुकलाय. बिनचूक पासकोड नसेल तर सर्व्हर तुमचं काही पुढे सोडत नाही. मी यात महिनाभर डोकं फोडलंय.

अर्धी_लहर
अहो, पासकोड इंटरनेट सर्व्हरला लागतो. रेडिओवरून निघालेल्या पॅकेटचा त्याच्याशी काय संबंध?

चक्रम_वाहक
रेडिओवरूनच. मोबाइलवर एपीआरएसड्रॉइड ॲप, तिथून केबल हँडीला. पाथ वाइड१-१, म्हणजे एकच टप्पा. फ्रिक्वेन्सी इथली आहे तीच.

धावता_ठिपका
"इथली" म्हणजे? उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ, युरोपात १४४.८००. व्हिडिओ बघून दुसऱ्याच खंडाची लावणारे पुष्कळ आहेत.

चिपवाला
हे १२०० बॉडचं जुनाट प्रकरण सोडा, लोरावर (कमी ताकदीत लांब जाणाऱ्या नव्या रेडिओ-पद्धतीवर) या. युरोपात ४३३.७७५ वर बोटभर बोर्डं मजेत चालतात.

जुनाखोड
आणि आसपास लोरा ऐकून इंटरनेटवर टाकणारं गेटवेच नसेल तर? बोर्ड खिशात घालून फिरायचं?

अर्धी_लहर
@चक्रम_वाहक पीटीटी (पाठवायचं बटण) कोण दाबतं? व्हॉक्स (आवाज आला की रेडिओ आपणहून पाठवतो ते)?

चक्रम_वाहक
हो, व्हॉक्स. दिवा लागतो म्हटलं ना.

अर्धी_लहर
दिवा लागणारच. पण व्हॉक्स आवाज कानावर पडल्यावर जागा होतो, तोवर पॅकेटचं तोंड कापलं गेलेलं असतं. चेकसम जुळला नाही की डिजिपीटर (पॅकेट ऐकून पुढे पाठवणारं स्टेशन, थोडक्यात डिजी) अख्खं पॅकेट फेकून देतो, अर्धंमुर्धं दाखवत नाही. पॅकेटआधीचा प्रिअँबल (खरा डेटा सुरू होण्याआधीचा सूर) पाऊण सेकंदाच्या वर न्या. फोनचा आवाजही पूर्ण ठेवू नका. १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन टोन आहेत, ते फाटले की संपलं. मग दुसरी हँडी लॅपटॉपला जोडा आणि डायरवुल्फ या पॅकेट वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये काय उलगडतं ते बघा.

रात्रपाळी
अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर १४५.८२५ वर असतो. स्थानक डोक्यावरून जाताना पाठवून बघा, भारी वाटतं!

धावता_ठिपका
रॅलीत तो काय दर दहा मिनिटांनी येणारे का? चक्रमराव, बीकन दर पाच सेकंदाला लावू नका. चॅनल एकच, सगळे त्यावरच. स्मार्टबीकनिंग ठेवा, वळणावर आपोआप पाठवतं. हँडीला एसएसआयडी (कॉलसाइनमागचा आकडा) ७, गाडीला ९.

जुनाखोड
एपीआरएसचे जनक बॉब ब्रुनिंगांनी हे नुसत्या ट्रॅकिंगसाठी केलं नव्हतं. निरोप, हवामान, आसपासचे रिपीटर, सगळं त्यात आहे. हल्ली प्रत्येकाला फक्त ठिपका हवा.

धावता_ठिपका
धागा ठिपक्याचाच आहे, काका.

चक्रम_वाहक
प्रिअँबल वाढवला, आवाज निम्म्यावर आणला. डायरवुल्फमध्ये आता पॅकेट उलगडतं, ऑडिओ लेव्हल ६० च्या आसपास. नकाशावर मात्र अजून शून्य.

अर्धी_लहर
साधारण ५० हवी, ६० चालेल. म्हणजे तुमचं टोक सुटलं. आता ऐकणारं कुणी आहे का ते बघा. गच्चीवर जाऊन पाठवा.

चक्रम_वाहक
गच्चीवरून दिसलं! एका डिजीमार्गे आलं. खाली उतरलो की परत गायब. रॅलीच्या रस्त्यावर गच्ची कुठून आणू?

जुनाखोड
पाथ वाइड३-३ करा, तीन टप्पे, लांबवर पोचेल.

धावता_ठिपका
अजिबात नको! पहिल्या डिजीलाच ऐकू येत नाही, तर पुढचे टप्पे वाढवून काय उपयोग? उलट, पोचलंच तर पंचक्रोशीतल्या सगळ्यांचा चॅनल भरून टाकाल.

चिपवाला
म्हणून म्हणत होतो, लोरा.

अर्धी_लहर
रॅलीच्या मार्गावर उंचावर एक गाडी उभी करा. त्यात मोबाइल रेडिओ, लॅपटॉपवर डायरवुल्फ, टपावर अँटेना, आणि फक्त वाइड१-१ ला उत्तर देणारा फिल-इन डिजी. सगळ्या हँडींचा पाथ वाइड१-१,वाइड२-१ ठेवा. पहिला टप्पा गाडी घेईल, दुसरा मोठा डिजी. आणि गाडीतली पीटीटी तारेनेच जोडा, व्हॉक्सवर नको.