अपडेटनंतर लॅपटॉप मुका (सोसायटी ग्रुप, लातूर)

ए-१०३ काकू: रात्री विंडोज ११ चं अपडेट झालं अन् सकाळपासून लॅपटॉपला आवाजच येइना गेलाय. लेकराचं नीटचं लेक्चर ७ ला आहे. क्लासवाले म्हणायलेत प्रॉब्लेम तुमच्याकडंच. कोणी सांगता का? 🙏

बी-२०१ सर: रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्ट.

सी-४०२: पार्किंगमधल्या स्पीकरचा आवाज कधी जाणार म्हणे 😄

बी-३०४: कोणाला म्हणायलात ते कळतंय. वाढदिवस वर्षातून एकदाच असतो.

सी-४०२: हो, पण तुमच्या घरात माणसं सात.

ए-२०२ दादा: काकू, घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली आहे का?

ए-१०३ काकू: नाही. आवाज ७५ दाखवतोय.

ए-२०२ दादा: त्याच्यावर क्लिक करा. आवाजाच्या पट्टीच्या उजवीकडं बारकं बटण आहे, तिथं आउटपुटची यादी उघडते. टीव्हीचं नाव निवडलेलं असेल तर 'स्पीकर्स' घ्या. अपडेटनंतर कधीकधी एचडीएमआयच (टीव्हीला जोडायची वायर) डिफॉल्ट होऊन बसतं.

ए-१०३ काकू: नुसतं टीव्हीचंच नाव आहे. स्पीकर्स नाहीच.

ए-२०२ दादा: मग ड्रायव्हरचं दुखणं, म्हणजे विंडोजकडून आवाजाचं हार्डवेअर चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'. रिअलटेकवर (ती आवाजाची चिप) पिवळा त्रिकोण आहे का?

बी-२०१ सर: फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवतात, तोच परत उठतो. रीस्टार्टनं नव्यानं लोड होतो. म्हणून म्हणलो रीस्टार्ट.

सेक्रेटरी: टँकरचे पैसे बी विंगमधल्या चौघांचे बाकी आहेत. कृपया आज द्यावेत.

बी-३०४: आधी कोणाची टाकी रोज ओसंडून वाहते ते बघा साहेब.

सी-४०२: २०१६ ला पाण्यासाठी मिरजेहून रेल्वे आली होती. आता काकूंच्या आवाजासाठी पण मागवा 😂

ए-१०३ काकू: त्रिकोण आहे. कोड १० म्हणतंय.

ए-२०२ दादा: म्हणजे विंडोजला डिव्हाइस दिसतंय, पण सुरू करता येइना. डबल क्लिक करा, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'.

ए-१०३ काकू: ते पुसट आहे. दाबलंच जाईना.

ए-२०२ दादा: जुना ड्रायव्हर साठवलेला नाही. त्याच टॅबमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कम्प्युटर', खाली 'लेट मी पिक'. यादीत 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असेल तर तेच घ्या, इशारा आला तर येस. नसेल तर दुसरं काही दाबू नका, मला सांगा.

बी-१०५: भाचा फॉरमॅट मारून देईल, स्वस्तात.

ए-२०२ दादा: ड्रायव्हरसाठी फॉरमॅट? लेकराच्या सगळ्या नोट्स जातील.

बी-१०५: मदतच करायलो होतो. राहू द्या.

बी-२०१ सर: आणि आता रीस्टार्ट.

ए-१०३ काकू: आला आवाज! जरा पातळ वाटायलाय.

ए-२०२ दादा: तो मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहे, लेक्चरपुरता चालेल. रविवारी लॅपटॉपच्या बुडावरचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या सपोर्ट पानावरून ऑडिओ ड्रायव्हर उतरवा. इंटेल स्मार्ट साउंडची (आवाजाचाच आणखी एक ड्रायव्हर) फाइल वेगळी दिली असेल तर आधी ती, मग रिअलटेक.

ए-४०१ वहिनी: दादा, आमच्याकडं लाल फुलीच आहे ओ.

ए-२०२ दादा: वहिनी, स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा. 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' दोन्ही ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा. तरी फुली राहिली तर डिव्हाइस मॅनेजरचा फोटो टाका.

बी-२०१ सर: त्याआधी रीस्टार्ट.

सेक्रेटरी: टँकर सव्वानऊला येतोय. बी विंग, बघा जरा.