मिरजेत तंबोरा घ्यायचाय, काय बघू?

गानवेडी: नमस्कार. इतकी वर्षं मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज केला. आता गुरुजी म्हणाले, खरा तंबोरा आण. पुढच्या महिन्यात मिरजेला सतारमेकर गल्लीत जाणार आहे. निवडताना काय बघायचं? गाण्याच्या जुन्या जागाही बघायच्या आहेत. एका दिवसात होईल का?

मिरजकर: ताई, एका दिवसात उरकू नका. आधी तुमची पट्टी, म्हणजे तुम्ही कुठल्या सुराला सा धरून गाता ते, कळवा. बायकांचा तंबोरा अंगानं लहान असतो, मोठा भोपळा बघून भुलू नका. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, कडू जातीचे.

सगळा जीव जवारीत, म्हणजे तारेच्या झणकारात. म्हातारे कारागीर तारा टेकतात त्या घोडीचा माथा कानशीनं जरासा घासतात, तार छेडतात, मान हलवतात, पुन्हा घासतात. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तो केसभर हलला की बसलेला आवाज एकदम उघडतो आणि खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून गंधार (ग) बोलू लागतो. तो गंधार तुमच्या कानाला लागेपर्यंत उठू नका. घाई केली नाही तर ही माणसं भरभरून बोलतात. फरीदसाहेब शिकलगारांपासूनची ही परंपरा. घराणं मूळचं हत्यारांना धार लावणारं, संस्थानी काळात वाद्यांकडे वळलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला फार आनंद आहे.

मग मीरासाहेबांच्या दर्ग्यात जा. तिथं किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत. जन्म कैरान्याचा, पण माणूस मिरजेचा झाला. 1937 मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमलकोइल स्टेशनावर उतरले, आणि फलाटावरच दरबारी रागाच्या सुरांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात उरुसाला गाणं होतं. गंगूबाई हनगल, भीमसेनजी इथं येऊन गायलेत. जमलं तर उरुसातच या. समोर मांडी घालून बसलेले म्हातारे श्रोते बघा, चुकीच्या जागी एकही दाद जात नाही.

नाट्यवेडा: बालगंधर्व नाट्यगृह चुकवू नका. 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीच्या शकुंतलेसाठी नारायणराव, म्हणजेच बालगंधर्व, पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले ते मिरजेतच. विष्णु दिगंबर पलुसकरही इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. एवढं गाणं एका गावात, म्हणून वाद्यं करणारेही इथंच टिकले असं मला वाटतं.

गानवेडी: दोघांचे मनापासून आभार. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी.

मिरजकर: मग बायकी मापच बघा. नव्या तारा ताणल्या की उतरतात, म्हणून एक रात्र मुक्काम करा, सकाळी पुन्हा लावून ऐका आणि मगच पैसे द्या. प्रवासात तारा थोड्या सैल ठेवा. घोडी, तारा आणि दोरा जादा मागून घ्या. दोरा लावायचा कसा, हे गल्लीतून निघण्याआधी स्वतःच्या हातानं करून बघा.