मदत हवी आहे: कार्बन फायबरच्या टाक्या घेऊ का? (मालवण)

किनाराकर
सीझन तोंडावर आलाय, उद्यापर्यंत होय-नाही कळवायचंय. कार्बन फायबरच्या ८ जुन्या टाक्या स्वस्तात मिळतायत. आमची अ‍ॅल्युमिनियमची रिकामीच १४ किलो भरते, ही चारेक किलो. होडीत चढवून-उतरवून पोरांच्या कमरा गेल्या. घेऊ का?

समिधा_चिपळूण
कसल्या टाक्या? आम्ही घरगुती गॅसची फायबरची घेतली. गॅस किती उरला ते बाहेरून दिसतं. जरूर घ्या.

किनाराकर
ताई, स्कूबाच्या, पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या! मालवण लिहिलंय की वर.

जुना_फिटर
किती लिटर, दाब किती बार, आत अस्तर कसलं, बनावटीचं साल? हे न लिहिता काय सांगणार?

खाडीकाठ
कार्बन फायबर नकोच. २०२३ मध्ये कार्बन फायबरचीच टायटन पाणबुडी चेपली, ५ माणसं गेली.

जुना_फिटर
खाडीकाठ, तिथे पाणी बाहेरून दाबत होतं. टाकीत हवा आतून रेटते, धागे ताणले जातात, आणि कार्बनचा धागा ताणालाच खरा बळकट. भीती खाऱ्या पाण्याची आहे. ओलाव्यात कार्बन अ‍ॅल्युमिनियमला भिडला की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. म्हणून मध्ये काचधाग्याचा थर देतात.

किनाराकर
६.८ लिटर, ३०० बार, आत अ‍ॅल्युमिनियम. अग्निशमनवाले पाठीवर लावतात त्या. लेबलवर २००९. एकीला खांद्याजवळ खरवडलंय, नख फिरवलं की धागे लागतात.

जुना_फिटर
तिथेच थांबा. या टाक्यांचं आयुष्य सहसा १५ वर्षं, ते संपलं. धागा उघडा पडलेली तर भरायचीच नाही. शेजारी पोरं उभी असतात, दादा.

दर्या_८१
साल नवं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. ६.८ गुणिले ३०० म्हणजे २,०४० लिटर हवा. तुमची ११.१ लिटरची २०० बारलाच २,२२० देते. शिवाय हलकी टाकी पाण्यात वर ओढते, मग कमरेला शिसं वाढवा. तेही होडीतूनच न्यायचं ना? हवा भरायचा कॉम्प्रेसर किती बारचा?

किनाराकर
२२५ ला कट होतो.

दर्या_८१
म्हणजे जेमतेम १,५३० लिटर. नवख्या माणसाला घेऊन खाली जाता तुम्ही.

किनाराकर
नाही म्हणून कळवतो. पण कमरांचं काय?

खाडीकाठ
मासळीची टोपली नेतो तशी बांबूला अडकवून दोघांनी न्या. होडीच्या काठावर एक माणूस घ्यायला ठेवा, वाकून उचलायला लावू नका.

समिधा_चिपळूण
दिवाळीत आम्ही दहा जण येतोय, पोहता न येणाऱ्यांना चालतं का?