कार्यशाळा आणि तालीम यांच्यामधला काळ

एका विषयावर कलावंतांनी एकत्र बसून प्रयोग उभा केला की वेगळ्या लेखकाची गरज उरत नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. ब्रिटनमध्ये १९७४ साली स्थापन झालेल्या जॉइंट स्टॉक या नाट्यसंस्थेचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. या संस्थेने केलेल्या, ब्रिटिश लेखिका कॅरिल चर्चिल यांच्या 'क्लाउड नाइन' या नाटकासाठी (१९७९) नट, दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क आणि स्वतः लेखिका सुमारे तीन आठवडे लैंगिक राजकारण या एकाच विषयाभोवती काम करत होते. भूमिकांची उलटापालट करणारे खेळ झाले, नट स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलले. मात्र नाटकातील पात्रे आणि प्रसंग तिथे ठरले नाहीत; ते चर्चिल यांनी नंतर एकटीने लिहिले आणि मगच तालमी सुरू झाल्या.

आमच्या गटाने 'पाणी' या विषयावर कार्यशाळा घेतली, तेव्हा सभागृह लगेच मिळत होते म्हणून नेमका हा मधला काळच आम्ही कापला. टँकरपुढे हंड्यांची रांग लावून भांडणाऱ्या दोन जावांचा प्रसंग उत्स्फूर्तपणे फार सुंदर सापडला होता, पण प्रयोगात त्याच्या मागेपुढे काय यावे हे ठरवायला कोणाला उसंतच मिळाली नाही.